दप्तर, रद्दी आणि रेषा

वाई, सातारा आणि मिरज या कृष्णेच्या खोऱ्यातल्या तीन गावांत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही वर्षांत एकाच वेळी जुने कागद उलगडले जात होते. वाईला सापडलेल्या पानिपताच्या धामधुमीतल्या पत्रांवर विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड उभा केला. तो १८९८ साली प्रसिद्ध झाला. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' काढायला सुरुवात केली. त्यांच्यापुढे पटवर्धन सरदारांचे अफाट दप्तर होते. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस पत्रे, चित्रे, नकाशे, नाणी असे जे मिळेल ते गोळा करत होते. मराठ्यांचा इतिहास इंग्रज अधिकाऱ्याच्या पुस्तकातून वाचण्याचे दिवस संपवायचे, या ईर्ष्येने ही माणसे कामाला लागली होती.

त्याच १८९७ सालात सातारा जिल्ह्यातल्या दोन वर्तमानपत्रांवर राजद्रोहाचे खटले झाले. एक वाईचे 'मोदवृत्त', दुसरे इस्लामपूरचे 'प्रतोद'. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. पुण्यात रँडचा खून झाला होता, टिळकांवर खटला चालू होता आणि सरकार तालुक्याच्या गावातल्या चिमुकल्या पत्रांवरही नजर ठेवून होते. 'प्रतोद'चे संपादक रामचंद्र नारायण काशाळकर यांचे अपील मुंबई हायकोर्टापर्यंत गेले. त्या निकालात राजद्रोहाच्या कलमाचा जो अर्थ लावला गेला, त्याचा उल्लेख १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्याच्या निकालातही केला. इस्लामपूरच्या एका साप्ताहिकाचे नाव अशा रीतीने भारताच्या घटनात्मक इतिहासात जाऊन बसले.

आज 'प्रतोद'च्या मूळ अंकांपेक्षा त्याच्यावरच्या खटल्याचा वृत्तांत शोधणे कितीतरी सोपे आहे. कुठलाही कागद टिकतो तेव्हा त्यामागे कोणाची तरी गरज असते. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा इतिहास ज्या कागदांवर उभा आहे, त्यांतला प्रत्येक कोणाच्या गरजेमुळे उरला आणि कोणता कोणालाच नको म्हणून गेला, हे तपासले की या इतिहासात नेमके काय राहून गेले आहे ते दिसू लागते.

मोडी दप्तरे टिकली ती मुख्यतः हक्कासाठी. वतन, इनाम, सरंजाम, देवस्थानची जमीन, पाटीलकीचा मान यांपैकी कशावरही दावा सांगायचा तर सनद दाखवावी लागे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळाले आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या घराघरांत कागद शोधण्याची धांदल उडाली. ज्याच्याकडे सनद सापडली त्याची जमीन राहिली, ज्याच्याकडे सापडली नाही त्याची गेली. या धाकाने पिढ्यान्पिढ्या कागद रुमालांत बांधून, लाकडी पेट्यांत घालून, माळ्यावर का होईना, पण जपले गेले. जमिनीच्या कागदांसोबत खासगी पत्रे, हिशेब, लढायांच्या बातम्या, लग्नाच्या याद्याही त्याच रुमालांत राहिल्या. पुढे इतिहासकारांच्या हाती लागले ते हेच.

साताऱ्याच्या राजदप्तराची कहाणी याहून दुःखाची आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि जेम्स ग्रँट डफ याला त्यांच्याजवळ नेमले. डफने राजघराण्याचे आणि सरदारांचे कागद पाहिले, मल्हार रामराव चिटणिसांची बखर वापरली आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला. पुढची चाळीस वर्षे तेच पुस्तक प्रमाण मानले गेले. त्याला पहिला जोरकस आक्षेप घेतला तो नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने, १८६० च्या दशकात. साधने पुन्हा तपासली पाहिजेत, हे कीर्तन्यांचे म्हणणे राजवाडे-खरे-पारसनीसांच्या पिढीने प्रत्यक्षात आणले.

दरम्यान खुद्द साताऱ्याचे राज्यच गेले होते. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले आणि १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तेरा-चौदा वर्षे तिथल्या सभांमधून, अर्जांमधून, छापील पत्रकांमधून झगडत राहिले. १८४८ मध्ये डलहौसीने दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केले. राज्य गेले तसे त्याचे दप्तरही इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुण्यातल्या ज्या कचेरीला आज सगळे पेशवे दप्तर म्हणून ओळखतात, तिथे साताऱ्याच्या छत्रपतींचे रुमालही आहेत. गणेश चिमणाजी वाड यांनी सरकारी परवानगीने सातारकर छत्रपती आणि पेशवे यांच्या रोजनिशींतून जे उतारे निवडले, ते नऊ भागांत छापले गेले. या उताऱ्यांत कर, न्याय, जकात, दुष्काळ, कर्जे, पुनर्विवाह, शिक्षा अशा रोजच्या कारभाराचा इतका तपशील आहे की एखाद्या गावचा सामाजिक इतिहास लिहू पाहणाऱ्याला ते अजूनही टाळता येत नाहीत.

पारसनीसांची धडपड गावातच संग्रह राहावा यासाठी होती. साताऱ्यात जन्मलेल्या या माणसाने तरुणपणी 'महाराष्ट्र कोकीळ' मासिक चालवले, पुढे 'इतिहाससंग्रह' काढला, झाशीच्या राणीचे चरित्र लिहिले आणि सी. ए. किंकेड यांच्यासोबत मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत इंग्रजीत नेला. वाईजवळच्या मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यातले दप्तर त्यांच्या हाती आले, ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी मिळकत. नाना म्हणजे मराठी राजकारणाचा तीन दशकांचा मेंदू, आणि मेणवली दप्तर म्हणजे त्या मेंदूत येणाऱ्या-जाणाऱ्या बातम्यांचा साठा. १९२५ साली या साऱ्या वस्तूंसाठी साताऱ्यात ऐतिहासिक संग्रहालय उभे राहिले. पुढच्याच वर्षी पारसनीस वारले. राजवाडेही त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी धुळ्यात गेले.

साताऱ्याचे ते संग्रहालय १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवले गेले. तिथे कागदांची निगा झाली, अभ्यासकांना ते पाहता आले, हे मान्यच करायला हवे. पण मेणवलीचा कागद पाहायला वाईच्या माणसाने पुण्याला जायचे, हे तेव्हापासून ठरून गेले. मूळ कागद लांब गेले की गावातली शाळा, वाचनालय, नगरपालिका यांना आपल्या इतिहासाचे वाचक होता येते, राखणदार होता येत नाही.

खरेशास्त्र्यांनी मिरज सोडली नाही. शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात मोडी पत्रे वाचून, नकलून, तारखा जुळवून छापायची, असा त्यांचा नेम होता. पत्रे नुसती एकामागून एक छापून ते थांबले नाहीत. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्यांनी त्या काळातल्या घडामोडींचा पट मांडला, पत्रातला माणूस कोण, तो कोणाचा नातलग, कोणत्या मोहिमेवर आहे हे सांगितले. त्यामुळे हैदर-टिपूवरच्या मोहिमा, पटवर्धनांच्या घरातले तंटे आणि पुण्याच्या दरबारातली खेचाखेच मोडी न येणाऱ्या वाचकालाही समजली. १९२४ मध्ये ते गेले. मिरजेत त्यांच्या नावाचे खरे मंदिर वाचनालय आहे. कागद जपण्याइतकेच त्याचा संदर्भ जपणेही महत्त्वाचे, हा त्यांचा धडा होता. तो पुढे येणाऱ्या व्यंगचित्रांच्या बाबतीत फार उपयोगाचा आहे.

वर्तमानपत्राला मात्र सनदेचे भाग्य कधीच लाभले नाही. त्याने कोणाची जमीन राखली जात नव्हती, म्हणून ते दुसऱ्या दिवशी पुडीला आणि महिन्याने रद्दीत जायचे. त्याची नोंद ठेवली ती संशयी सरकारने. १८६७ च्या कायद्याने छापखाने आणि पुस्तके यांची नोंदणी सक्तीची झाली. मुंबई सरकार देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार करून घेत असे. सातारा, वाई, कराड, इस्लामपूर इथल्या कितीतरी पत्रांचा आवाज आज ऐकू येतो तो या गुप्त अहवालांमधून, म्हणजे ज्यांना तो बंद करायचा होता त्यांच्या फायलींतून. या अहवालांची एक मोठी मर्यादा आहे. अनुवादकाने लेखाचा सारांश दिला. चित्राचा सारांश द्यायचा कसा? एखाद्या साहेबाचे नाक किती लांब काढले होते आणि त्याच्या पायाखाली कोण होते, हे चार ओळींच्या इंग्रजीत उतरत नाही.

मराठी मुलखात अशी व्यंगचित्रे एकोणिसाव्या शतकातच येऊ लागली होती. लंडनच्या 'पंच'ने जगभर आपली पिल्ले सोडली होती. ठाण्याहून 'हिंदु पंच' निघत होता, मुंबईतून इंग्रजी-गुजराती 'हिंदी पंच'. यांतल्या 'हिंदी पंच'ने निवडक चित्रांचे वार्षिक संग्रह बांधून काढले. म्हणूनच मेहता, टिळक, गोखले यांची काँग्रेस तेव्हा एका पारशी संपादकाला कशी दिसत होती, हे आजही पाहता येते. चित्रे बांधून ठेवली म्हणून राहिली.

सांगली जिल्ह्याच्या वाट्याला या कलेचे एक मोठे केंद्र आले ते कारखान्याच्या दारातून. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर नांगरांचा कारखाना उभारला. जागा दिली ती औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी. पंत स्वतः चित्रकार, चित्रसंग्राहक. १९३८ साली औंधला त्यांनी उभारलेले वस्तुसंग्रहालय आजही पाहण्यासारखे आहे. लक्ष्मणराव जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आणि यंत्रांचे रेखाटन शिकवलेले. त्यांचे पुतणे शंकरराव चित्रकला शिकायला थेट लाहोरला गेले, पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे. तेच सातवळेकर पुढे औंधला येऊन वेदांच्या प्रकाशनात रमले. नांगर, संस्थान आणि कुंचला यांची अशी सोयरीक त्या माळावर जमली होती.

शंकररावांनी जानेवारी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकापर्यंत न्यावी, एवढाच पहिला हेतू होता. दहा वर्षांच्या आत तिचे 'किर्लोस्कर' हे महाराष्ट्रातले आघाडीचे मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' निघाले. शहरापासून दूर, एका रेल्वे फाट्यावरून तीन मासिके महाराष्ट्राच्या घराघरांत जात होती, विधवांची स्थिती, बुवाबाजी, अस्पृश्यता, हुंडा, नव्या यंत्रांची ओळख अशा विषयांवर वाद घडवत होती. रत्नागिरीत स्थानबद्ध असलेल्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध 'किर्लोस्कर'ने छापले आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला.

शंवाकि नावाने ओळखले जाणारे हे संपादक मुखपृष्ठे काढत, तशीच व्यंगचित्रेही. लेख वाचायला वेळ नसलेल्या शेतकऱ्याला आणि लेख वाचायची मुभा नसलेल्या घरातल्या बाईला चित्र एका नजरेत कळते, हे त्यांनी ओळखले. त्यामागे छपाईचे गणितही होते. छायाचित्र किंवा छटांचे चित्र छापायचे तर हाफटोन ब्लॉक आणि गुळगुळीत महाग कागद लागे. टाकाने, काळ्या शाईने काढलेल्या रेषाचित्राचा जस्ताचा लाइन ब्लॉक मात्र स्वस्तात होई आणि साध्या कागदावरही स्वच्छ उठे. मराठी व्यंगचित्रकलेची रेष ठसठशीत, मोकळी आणि कमी तपशिलाची का झाली, याचे अर्धे उत्तर त्या ब्लॉकात आहे. या चित्रांत थेट राजकारण फार नव्हते. रूढी, ढोंग आणि आळस यांच्यावर रोख होता. पण ज्या समाजात धर्मगुरू आणि जातपंचायत हीच रोजची सत्ता होती, तिथे भोंदूबुवावरचे चित्र हे राजकीय चित्रच होते.

याच काळात सातारा दुसऱ्या बाजूनेही पेटले होते. सत्यशोधक जलसे गावोगाव फिरत होते, सावकार आणि भट यांची सोंगे आणून लोकांना हसवत आणि विचार करायला लावत होते. व्यंगचित्राचे काम इथे जिवंत माणसे करत होती, त्यामुळे त्यांतले फारच थोडे कागदावर उतरले. भाऊराव पाटील एका बाजूने किर्लोस्करांचे आणि मग कूपरांचे नांगर विकत हिंडत होते, दुसऱ्या बाजूने बहुजनांच्या मुलांसाठी वसतिगृहे उघडत होते. धनजीशा कूपर यांचा कारखाना सातारा रोडजवळ पाडळीला होता. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान झाले. त्यांच्या आश्रयाने काही काळ 'प्रबोधन'चे बिऱ्हाड पाडळीला आले. 'प्रबोधन'चे संपादक केशव सीताराम ठाकरे.

प्रबोधनकरांचा साताऱ्याशी संबंध जुना आणि रागालोभाचा होता. प्रतापसिंह महाराजांवर झालेला अन्याय त्यांच्या लेखनाचा कायमचा विषय. राजवाड्यांनी कायस्थांविषयी लिहिलेल्या मजकुराला त्यांनी १९१८ साली 'कोदंडाचा टणत्कार' या पुस्तकाने उत्तर दिले, आणि १९४८ साली 'रंगो बापूजी' हे मोठे चरित्र प्रसिद्ध केले. दप्तरातला कागद कोणी वाचायचा, कोणत्या बाजूने वाचायचा, यावरचे हे भांडण होते. साधने छापणारा राजवाड्यांसारखा विद्वानही जातीच्या चष्म्यातून पाहू शकतो, हे प्रबोधनकरांनी त्यांच्याच शस्त्रांनी दाखवले.

प्रबोधनकरांचे चिरंजीव बाळ ठाकरे यांनी १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केले. दादरच्या बालमोहन विद्यामंदिरात त्याचे प्रकाशन झाले ते मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. यशवंतराव देवराष्ट्र्याचे आणि कराडचे, म्हणजे आजच्या सांगलीत जन्मलेले आणि साताऱ्यात वाढलेले. जी माणसे उद्या आपल्यालाच लक्ष्य करणार, त्यांच्या पहिल्या अंकाला सत्ताधाऱ्याने हात लावावा, हे त्या काळच्या मराठी राजकारणाचे मोठे लक्षण होते.

यशवंतरावांना टीकेचे चटके ठाऊक होते. १९५५ च्या अखेरीस फलटणला त्यांनी संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंच्या नेतृत्वाला अधिक महत्त्व दिले आणि मराठी मने दुखावली. नोव्हेंबर १९५६ मध्ये आचार्य अत्र्यांचा 'मराठा' सुरू झाला आणि यशवंतरावांवर रोज झोड उठू लागली. १९५७ च्या निवडणुकीत कराडला ते थोडक्या मतांनी निवडून आले. उत्तर साताऱ्यातून लोकसभेवर गेले क्रांतिसिंह नाना पाटील, संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूचे. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा समितीने काळी निशाणे घेऊन प्रचंड निदर्शने केली. या दोन-तीन वर्षांचा सरकारी इतिहास अहवालांत आणि विधिमंडळाच्या कामकाजात आहे. लोकांचा संताप मात्र शाहिरांच्या आवाजात, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि व्यंगचित्रांत आहे. या तिन्ही गोष्टी घरातून सर्वांत आधी टाकल्या गेल्या.

कागद नसण्याचीही एक बाजू या जिल्ह्यांनी पाहिली आहे. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाले. त्यानंतर भूमिगत झालेल्यांनी कुंडलच्या परिसरात प्रतिसरकार उभे केले. न्यायदान मंडळे, तुफान सेना, गावगुंडांचा बंदोबस्त, कमी खर्चाची लग्ने असा त्याचा कारभार १९४६ पर्यंत चालला. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून खजिना लुटला गेला. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. या सरकारला दप्तर ठेवणे परवडणारे नव्हते, कारण सापडलेला प्रत्येक कागद फासाचा दोर ठरला असता. म्हणून त्याचा लेखी पुरावा मुख्यतः पोलिसांनी लिहिलेला आहे आणि लोकांची बाजू आठवणींत आहे. गेल ऑम्व्हेट, ए. बी. शिंदे यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांना बोलते केले नसते तर प्रतिसरकार सरकारी फायलींत दरोडेखोरी म्हणूनच राहिले असते.

एकाच माणसाचे दोन अगदी वेगळे कागद इथे आठवावे लागतात. साताऱ्यात राजवाडा परिसरातल्या शाळेच्या, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, जुन्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला 'भिवा रामजी आंबेडकर' या मुलाच्या प्रवेशाची नोंद आहे, क्रमांक १९१४. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. शाळेने एक साधे रजिस्टर फेकले नाही, म्हणून हे घडू शकले. दुसरा कागद म्हणजे त्याच भिवाची, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची, इंग्रजी वृत्तपत्रांनी काढलेली व्यंगचित्रे. १९४९ साली व्यंगचित्रकार शंकर यांनी काढलेले, राज्यघटनेची गोगलगाय आणि हाती चाबूक घेतलेले नेहरू-आंबेडकर दाखवणारे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात होते. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुण्यातल्या कार्यालयाची मोडतोड झाली.

त्या वादानंतर उन्नमती श्याम सुंदर यांनी जुन्या फायली धुंडाळून १९३२ ते १९५६ या काळातली बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे गोळा केली. 'नो लाफिंग मॅटर' हे त्यांचे पुस्तक २०१९ साली आले. प्रत्येक चित्राशेजारी त्यांनी ते कोणत्या प्रसंगाचे, चित्रकाराने काय दडवले, बाबासाहेबांचे त्या दिवशीचे म्हणणे खरोखर काय होते, हे लिहिले. तेव्हा दिसले की नामांकित चित्रकारांनीही त्यांना वारंवार लहान, रडवे, हट्टी दाखवले होते. साताऱ्याच्या रजिस्टराने एका मुलाचा शाळेवरचा हक्क नोंदवला. या चित्रांनी त्या मुलाच्या मोठेपणाकडे देशातली शिकलेली मंडळी कशा नजरेने पाहत होती ते नोंदवले. दुसरी नोंद बोचरी आहे म्हणून ती जाळून टाकली, तर त्या नजरेचा पुरावाच नाहीसा होईल. खरेशास्त्र्यांनी पत्रांना जोडलेली प्रस्तावना आणि श्याम सुंदरांनी चित्रांना जोडलेली टिपणे ही एकाच जातीची कामे आहेत.

सांगलीच्या राजकारणाने पुढे व्यंगचित्रकारांना भरपूर विषय पुरवले. साखर कारखाने, सहकारी बँका, कृष्णेच्या पाण्याचे वाटे, एकाच पक्षातले दोन गट, यांनी साठ आणि सत्तरची दशके भरलेली आहेत. जुलै १९७८ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादांचे सरकार सहकाऱ्यांच्याच बंडाने पडले आणि पाठीत खंजीर हे शब्द मराठी राजकारणात कायमचे रुजले. मुंबईच्या मोठ्या दैनिकांतली चित्रे निदान ग्रंथालयांच्या फायलींत आहेत. तालुक्याच्या साप्ताहिकांनी, दिवाळी अंकांनी, निवडणुकीच्या पत्रकांनी छापलेली स्थानिक चित्रे कुठे आहेत? ती काढणारे बहुतेक शाळेतले चित्रकला शिक्षक किंवा पाट्या रंगवणारे पेंटर होते. त्यांच्या सह्या कोणत्याही कोशात नाहीत, आणि नगरपालिकेच्या एखाद्या निवडणुकीत गाव कशावर हसले हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही.

जिल्ह्यांच्या सीमाही शोधकाची परीक्षा पाहतात. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली नाव मिळाले. त्याआधीचे तासगाव-वाळव्याचे कागद साताऱ्याच्या नावाखाली आहेत. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थाने होती, त्यांची दप्तरे निराळी. औंधचे तर कुंडल-आटपाडी आज सांगलीत आणि खुद्द औंध साताऱ्यात. आटपाडीच्या एका गावाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा तर औंध, सातारा, सांगली, पुणे आणि मुंबई या पाच ठिकाणी विचारपूस करावी लागते.

कागदाचा आणखी एक शत्रू कृष्णाच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि १८६९ मध्ये स्थापन झालेल्या सांगली नगर वाचनालयात शिरले. दीडशे वर्षे जमवलेल्या पुस्तकांपैकी हजारो चिखलात गेली. जुना कागद एकदा भिजून चिकटला की पाने सुटी करता येत नाहीत. बुरशी दोन-तीन दिवसांत धरते. पूररेषेतल्या प्रत्येक वाचनालयाने जुने अंक वरच्या मजल्यावर न्यावेत आणि त्यांची छायाप्रत गावाबाहेर ठेवावी, हा धडा त्या आठवड्याने दिला.

व्यंगचित्रे जपण्याचे काम राजधान्यांनीच करायचे असते असे नाही. इंग्लंडमध्ये व्यंगचित्रांचा राष्ट्रीय संग्रह लंडनबाहेर, कँटरबरीच्या केंट विद्यापीठात १९७० च्या दशकापासून वाढला. केरळात शंकर यांच्या कायमकुळम या गावी त्यांच्या नावाचे व्यंगचित्र संग्रहालय आहे, आणि कायमकुळम काही कराड-इस्लामपूरपेक्षा फार मोठे नव्हे. साताऱ्यात शिवाजी संग्रहालय आहे, औंधला पंतांचे संग्रहालय आहे, वाईला प्राज्ञपाठशाळेची पोथ्यांची परंपरा आणि विश्वकोशाचे कार्यालय आहे, कराडला यशवंतरावांचे 'विरंगुळा' हे घर जपलेले आहे, मिरज-सांगलीत जुनी वाचनालये आहेत. इमारती आणि माणसे दोन्ही उभी आहेत.

करायचे काम स्पष्ट आहे. प्रत्येक तालुक्यात आजवर निघालेल्या नियतकालिकांची यादी करायची, कोणाच्या घरी कोणते अंक उरले आहेत ते टिपायचे, पाने मूळ आकारात आणि चांगल्या दर्जाने स्कॅन करायची. चित्र वेगळे कापून न काढता ज्या पानावर ते छापले गेले त्या पानासह ठेवायचे, कारण शेजारच्या बातमीशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. तारीख, प्रसंग आणि चित्रातल्या माणसांची नावे लगेच नोंदवायची. १९५७ ची निवडणूक विशीत पाहिलेली माणसे आता नव्वदीत आहेत. टोपी तिरकी घातलेला तो पुढारी कोण, मागे छत्री धरून उभा असलेला कोणत्या गावचा सरपंच, कारखान्याच्या धुराड्यावर बसलेले कावळे कोणत्या संचालकांसाठी, हे आज फक्त तीच सांगू शकतात, आणि त्यांच्याकडे ध्वनिमुद्रक घेऊन जायला कराडच्या किंवा पलूसच्या महाविद्यालयातला इतिहासाचा एक वर्गही पुरेसा आहे.